प्राचीन चीन : ग्रंथ जाळणारे राज्य आणि ग्रंथ जपणारी घरे

वाचकहो, चीनचे नाव निघाले की आपल्याला शाळेच्या पुस्तकातला ह्यू-एन-त्संग आठवतो. इ. स. ६४१ च्या सुमारास हा प्रवासी महाराष्ट्रात येऊन गेला आणि चालुक्य राजा पुलकेशीच्या प्रजेविषयी त्याने लिहून ठेवले. जरा वडीलधाऱ्या मंडळींना सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस आठवतात. १९३८ साली ते वैद्यकीय पथकाबरोबर चीनमध्ये गेले आणि १९४२ साली तेथेच रुग्णसेवा करता करता त्यांनी देह ठेवला. परंतु ज्या देशातून एक आला आणि ज्या देशात दुसरा गेला, त्या देशाचा प्राचीन इतिहास मात्र आपल्या वाचनात क्वचितच येतो. मोठी भिंत, रेशीम आणि चहा एवढ्यावर आपली माहिती संपते.

या लेखात घराण्यांची जंत्री देण्याचा विचार नाही. जंत्री पाठ होते आणि परीक्षेनंतर विसरली जाते. त्याऐवजी एकच प्रश्न हाती धरून आपण सुमारे पंधराशे वर्षांचा हा प्रवास करू या. माणसाची योग्यता कशावर ठरावी? जन्मावर, मनगटाच्या बळावर की विद्येवर? प्राचीन चीनने या प्रश्नाची तिन्ही उत्तरे करून पाहिली. विद्येला मान मिळाला तेव्हाही तिचे दार कोणासाठी उघडले आणि कोणासाठी बंद राहिले, हेही आपण पाहणार आहोत. शिक्षणाच्या कामात ज्यांचा जीव गुंतला आहे अशा पालकांना आणि विद्यार्थ्यांना हा इतिहास परका वाटणार नाही.

हाडांवरची अक्षरे

१८९९ साली वांग यी-रोंग नावाच्या चिनी विद्वानाचे लक्ष औषध म्हणून विकल्या जाणाऱ्या जुन्या हाडांकडे गेले. लोक त्यांना ड्रॅगनची हाडे म्हणत आणि कुटून औषधात घालीत. त्या हाडांवर प्राचीन अक्षरे कोरलेली होती. ही हाडे आनयांग परिसरातून येत होती असे पुढे आढळले. १९२८ पासून तेथे रीतसर उत्खनन सुरू झाले आणि ज्या शांग घराण्याला काही अभ्यासक निव्वळ दंतकथा समजत होते, त्याची राजधानी जमिनीतून वर आली.

शांग राजांचा काळ साधारण इ. स. पू. १६०० ते १०४६ असा मानतात. राजा कोणतेही काम करण्यापूर्वी पूर्वजांना कौल लावी. बैलाच्या खांद्याच्या हाडावर किंवा कासवाच्या पोटाकडील कवचावर उष्णता देत. त्याने जे तडे जात, त्यांवरून उत्तर काढीत आणि प्रश्न व उत्तर तेथेच कोरून ठेवीत. पाऊस पडेल का, पीक येईल का, लढाई जिंकू का, राजाचा दात का दुखतो, असे हे प्रश्न आहेत. चिनी लेखनाचा आजवर सापडलेला हा सर्वांत जुना मोठा साठा. येथे लेखन राजवाड्याच्या मालकीचे होते आणि राजाची योग्यता त्याच्या रक्तावर, त्याच्या पूर्वजांवर ठरत होती. राजाच्या मृत्यूनंतर माणसांचे बळी दिले जात, ही गोष्टही थडग्यांवरून सिद्ध झाली आहे.

याच हाडांवर राजा वू-तिंग याची राणी फू हाओ हिचे नाव वारंवार येते. एका नोंदीप्रमाणे तिच्या हाताखाली १३,००० सैनिक होते. १९७६ साली तिचे न लुटलेले थडगे सापडले. त्यात १९०० हून अधिक वस्तू निघाल्या, त्यांत तिच्या सत्तेचे चिन्ह असलेल्या काशाच्या कुऱ्हाडीही होत्या. या सेनानी राणीच्या बाळंतपणाविषयीही एक कौल लावलेला आहे. त्याचा निकाल पुढे कोरला आहे, तो असा की, प्रसूती शुभ झाली नाही, कारण मुलगी झाली. आई सैन्य चालवीत होती आणि तिच्याच पोटी आलेली मुलगी अशुभ ठरली. सुमारे ३२०० वर्षांपूर्वीची ही नोंद आपण लक्षात ठेवू, कारण पुढे तिचा संबंध येणार आहे.

आकाशाचा आदेश

इ. स. पू. १०४६ च्या सुमारास पश्चिमेकडील चौ घराण्याने शांग राजाचा पराभव केला. नव्या राजांपुढे एक अडचण होती. राजा जर पूर्वजांच्या पुण्याईने राजा असतो, तर त्याला हटविणारे आपण कोण? त्यांनी याचे उत्तर दिले ते पुढे तीन हजार वर्षे टिकले. राज्य आकाशाच्या आदेशाने मिळते, आकाश ते सदाचरणी माणसाला देते आणि त्याच्या वंशजांनी अन्याय केला तर काढून घेते, असा हा विचार होता. पूर, दुष्काळ, बंड ही आदेश निसटल्याची लक्षणे मानली गेली.

हा विचार सोयीसाठी निघाला असला तरी त्याचा परिणाम खोल झाला. केवळ जन्म पुरेसा नाही, वागणूकही लागते, हे तत्त्व राज्याच्या पायातच घातले गेले. इ. स. पू. ७७१ मध्ये पश्चिमेची राजधानी आक्रमकांच्या हाती पडली आणि चौ राजे पूर्वेस लोयांगला आले. नावाला ते राजे राहिले, पण खरी सत्ता मांडलिकांकडे गेली. लहानमोठी संस्थाने एकमेकांना गिळू लागली आणि अखेरीस सात मोठी राज्ये उरली. त्या अखेरच्या काळाला इतिहासकार ‘लढणाऱ्या राज्यांचा काळ’ म्हणतात. लोखंडाची अवजारे आली, शेती वाढली, बाजार वाढले आणि सैन्येही वाढली. जुन्या सरदार घराण्यांची वाताहत झाली. त्यांची शिकलेली पण बेकार मुले एका दरबारातून दुसऱ्या दरबारात नोकरी शोधत हिंडू लागली. चीनचे मोठे तत्त्वज्ञ याच गर्दीतून पुढे आले.

प्रश्न विचारणारी शतके

यांपैकी सर्वांत प्रसिद्ध कन्फ्यूशियस. चिनी लोक त्याला खुंग फू-त्से म्हणजे गुरुवर्य खुंग म्हणतात. इ. स. पू. ५५१ मध्ये लू राज्यात, आजच्या शांतुंग प्रांतात, त्याचा जन्म झाला. तो तीन वर्षांचा असताना वडील वारले आणि आईने त्याला गरिबीत वाढविले. लहान वयात त्याने धान्याच्या कोठारांचा हिशेब ठेवण्याची आणि गुरे सांभाळण्याची कामे केली. पुढे शिकवू लागला तेव्हा त्याने एक नवी गोष्ट केली. गुरुदक्षिणा म्हणून वाळवलेल्या मांसाची एक जुडी घेऊन येईल त्यालाही तो शिष्य करून घेई. त्याचा लाडका शिष्य येन ह्वेइ एका गरीब गल्लीत मूठभर भातावर राहत होता.

माणूस जन्माने थोर ठरत नाही, शिक्षणाने आणि आचरणाने थोर होतो, हे त्याच्या शिकवणुकीचे सार. ‘च्युन-त्से’ या शब्दाचा अर्थ त्याच्या आधी सरदारपुत्र असा होता. त्याने त्याचा अर्थ सज्जन माणूस असा केला. एका शब्दाचा अर्थ बदलला आणि सरदारांची मिरासदारी डळमळू लागली. आयुष्याच्या उत्तरार्धात सुमारे चौदा वर्षे तो राज्याराज्यांतून हिंडला, पण कोणाही राजाने त्याचे ऐकले नाही. इ. स. पू. ४७९ मध्ये तो वारला तेव्हा त्याच्या हाती सत्ता नव्हती. मागे राहिले ते शिष्य. मात्र त्या शिष्यांत एकही स्त्री नव्हती, हेही नमूद केले पाहिजे.

त्यानंतरचा मो-त्से हा बहुधा कारागीर वर्गातून आलेला. आपले कुटुंब, आपले राज्य एवढ्यापुरते प्रेम आणि बाकीच्यांशी वैर, हेच सर्व युद्धांचे मूळ आहे असे तो म्हणे. त्याची एक कथा सांगण्यासारखी आहे. बलाढ्य छू राज्य लहानशा सुंग राज्यावर चालून जाणार होते. कुंग-शू नावाच्या कुशल कारागिराने तटावर चढण्याच्या शिड्या तयार केल्या होत्या. मो-त्से दहा दिवस आणि दहा रात्री चालत छूच्या राजधानीत गेला. त्याने कमरेचा पट्टा सोडून जमिनीवर तटासारखा मांडला, लाकडाचे तुकडे यंत्रे म्हणून घेतले आणि कुंग-शूच्या नऊही चाली परतवून दाखविल्या. राजाने स्वारी रद्द केली. परतताना मो-त्से सुंगमधून जात असता पाऊस आला. तो वेशीच्या आडोशाला उभा राहू लागला तर पहारेकऱ्याने त्याला आत घेतले नाही. ज्याने गाव वाचविले त्याला गाव ओळखत नव्हते.

लाओ-त्सेच्या नावावर असलेला सुमारे ५,००० अक्षरांचा लहानसा ग्रंथ वेगळाच सूर लावतो. कायदे आणि हुकूम जितके वाढतात तितका गोंधळ वाढतो, राजाने कमी करावे आणि पाण्याप्रमाणे खाली वाहून सर्वांच्या उपयोगी पडावे, असा त्याचा आशय आहे.

कन्फ्यूशियसच्या परंपरेतील मेन्सिअस हा इ. स. पू. चौथ्या शतकातील. माणूस मुळात चांगला असतो, चांगुलपणाचे कोंब जपावे लागतात, आणि प्रजा राजापेक्षा महत्त्वाची, असे तो सांगे. त्याच्या आईची कथा चीनमध्ये घरोघरी ठाऊक आहे. ती विधवा होती. प्रथम ती स्मशानाजवळ राहत होती, तेव्हा मुलगा प्रेतयात्रेचा खेळ खेळू लागला. तिने बाजाराजवळ घर केले, तर तो घासाघीस करणाऱ्या दुकानदाराची नक्कल करू लागला. शेवटी तिने शाळेजवळ बिऱ्हाड केले. पुढे तो अभ्यासात टंगळमंगळ करू लागला तेव्हा तिने मागावर विणत आणलेले कापड त्याच्यासमोर कापून टाकले. अर्धवट सोडलेली विद्या अशीच वाया जाते, हे तिला दाखवायचे होते. कथा परंपरेची असेल, पण मुलाच्या शिक्षणासाठी तीन वेळा घर हलविणाऱ्या बाईचा आदर्श या समाजाने दोन हजार वर्षे जपला, हे खरे.

श्युन-त्सेचे मत उलट होते. माणसाचा स्वभाव वाकडा असतो, वाकडे लाकूड वाफ देऊन सरळ करावे तसे शिक्षणाने त्याला सरळ करावे लागते, असे तो म्हणे. त्याचे दोन शिष्य, हान फेइ आणि ली सू, यांनी गुरूचे पहिले अर्धे वाक्य उचलले आणि दुसरे सोडून दिले. माणूस वाईट आहे ना? मग शिक्षणाची खटपट कशाला? कठोर कायदा, निश्चित बक्षीस आणि निश्चित शिक्षा पुरे. या पंथाला विधिवाद म्हणतात.

छिन : पंधरा वर्षांचे साम्राज्य

विधिवादाचा प्रयोग छिन राज्यात आधीच सुरू झाला होता. इ. स. पू. ३५६ पासून शांग यांग या मंत्र्याने तेथे कुटुंबांचे पाच-पाच, दहा-दहांचे गट पाडले आणि एकाच्या गुन्ह्याला सर्वांना जबाबदार धरले. सरदारांचे वंशपरंपरागत हक्क काढले आणि रणांगणावरील पराक्रमावर पदवी देऊ केली. जन्माची मिरासदारी मोडली खरी, पण तिच्या जागी तलवार आली. पुढे शांग यांगवरच राजाची इतराजी झाली. तो पळून जात असता एका धर्मशाळेच्या चालकाने त्याला जागा नाकारली, कारण ओळखपत्राशिवाय कोणाला ठेवू नये हा शांग यांगचाच कायदा होता.

इ. स. पू. २४६ मध्ये यिंग चंग हा तेरा वर्षांचा मुलगा छिनच्या गादीवर आला. इ. स. पू. २२१ पर्यंत त्याने उरलेली सहाही राज्ये जिंकली आणि शी हुआंग-ती म्हणजे पहिला सम्राट ही पदवी घेतली. त्याची कामगिरी लहान नव्हती. त्याने देशाचे ३६ प्रांत करून तेथे पगारी अधिकारी नेमले. एक लिपी, एक वजनमाप, एक नाणे ठरविले. गाड्यांच्या चाकांमधले अंतरसुद्धा सारखे केले. उत्तरेकडील जुन्या भिंती जोडून लांबलचक तट उभारला. तो स्वतःही कष्टाळू होता. रोज सुमारे ३० किलो वजनाचे, बांबूच्या पट्ट्यांवर लिहिलेले दप्तर वाचल्याशिवाय तो विश्रांती घेत नसे, असे इतिहासकार सांगतो.

परंतु इ. स. पू. २१३ मध्ये, आता मुख्यमंत्री झालेल्या ली सूने त्याला सल्ला दिला की, विद्वान लोक जुन्या काळाचे दाखले देऊन आजच्या राज्यावर टीका करतात, तेव्हा ते ग्रंथच जाळून टाकावेत. वैद्यक, कौल आणि शेती या विषयांवरचे ग्रंथ वगळून लोकांच्या घरातील काव्य, इतिहास व तत्त्वज्ञानाचे ग्रंथ जाळण्याचा हुकूम सुटला. जुन्याचा दाखला देऊन नव्याची निंदा करणाऱ्यास कुटुंबासह देहान्त शिक्षा ठरली. दुसऱ्या वर्षी ४६० हून अधिक विद्वानांना मारल्याची नोंद सिमा चियेन या इतिहासकाराने केली आहे. त्या नोंदीबद्दल आजचे काही अभ्यासक शंका घेतात. ग्रंथ जाळण्याचा हुकूम मात्र बहुतेक सर्वांना मान्य आहे.

इ. स. पू. २१० मध्ये सम्राट वारला. त्याच्या थडग्याजवळ मातीच्या सैनिकांची फौज पुरली होती. १९७४ साली विहीर खणणाऱ्या शेतकऱ्यांना ती सापडली. तिच्यात सुमारे ८,००० पुतळे असावेत असा अंदाज आहे. पण ही फौज राज्य वाचवू शकली नाही. इ. स. पू. २०९ मध्ये चन शंग नावाचा एक शेतमजूर ९०० वेठबिगार शिपायांबरोबर सरहद्दीकडे निघाला होता. पावसाने वाट अडली. उशिरा पोहोचले तर मरण, पळाले तरी मरण, असे पाहून त्याने बंड केले, अशी सिमा चियेनची हकिकत आहे. १९७५ साली एका छिन अधिकाऱ्याच्या थडग्यात कायद्याच्या बांबूपट्ट्या सापडल्या. त्यांत सरकारी वेठीला उशीर झाल्यास दंड सांगितला आहे, मृत्युदंड नाही. तेव्हा या हकिकतीत नंतरच्या काळाचा रंग मिसळलेला असू शकतो. विद्यार्थी मित्रांनो, इतिहास असा तपासून वाचावा लागतो. काहीही असो, बंड देशभर पसरले. ली सूला इ. स. पू. २०८ मध्ये क्रूरपणे मारण्यात आले आणि हजारो वर्षे टिकेल म्हणून उभारलेले साम्राज्य पंधरा वर्षांत संपले.

भिंतीत लपविलेला ग्रंथ

आता एका म्हाताऱ्याची गोष्ट ऐका. फू शंग नावाच्या विद्वानाजवळ प्राचीन राजांच्या प्रलेखांचा ‘शू-चिंग’ हा ग्रंथ होता. हुकूम सुटला तेव्हा त्याने तो घराच्या भिंतीत दडविला. पुढे युद्धे सुरू झाली आणि त्याला घर सोडून जावे लागले. शांतता झाल्यावर त्याने परत येऊन भिंत फोडली. पुष्कळ पट्ट्या नष्ट झाल्या होत्या, फक्त २९ प्रकरणे हाती लागली. तेवढ्यावर तो आपल्या भागातील मुलांना शिकवू लागला.

हान घराण्याच्या वन-ती सम्राटाला (इ. स. पू. १८० ते १५७) हा ग्रंथ जाणणारा माणूस हवा होता. फू शंग तेव्हा नव्वदीच्या पुढे होता. त्याला प्रवास झेपेना, म्हणून दरबाराने छाओ त्सो नावाच्या अधिकाऱ्याला त्याच्याकडे शिकायला पाठविले. परंपरा सांगते की, म्हाताऱ्याचे बोलणे आता अस्पष्ट झाले होते आणि त्याची बोलीही पाहुण्याला कळत नव्हती. तेव्हा त्याची मुलगी शेजारी बसली. बाप बोले, ती समजावून सांगे आणि अधिकारी लिहून घेई.

क्षणभर थांबून विचार करा. या मुलीला बापाचे शब्द केवळ ऐकू येत नव्हते, तिला त्यांचा अर्थ कळत होता. म्हणजे ती शिकलेली होती. कोणत्याही शाळेत तिला प्रवेश नव्हता. बापाने घरातच तिला शिकविले असणार. सम्राटाच्या हुकुमाने जे जाळले गेले, ते भिंतीने अर्धे राखले आणि उरलेल्याचा अर्थ या मुलीच्या तोंडून पुढच्या पिढीकडे गेला. जुन्या वृत्तांतात ती केवळ ‘मुलगी’ आहे. तिचे नाव लिहून ठेवण्याची गरज त्या काळी कोणाला वाटली नाही.

घोड्यावरून उतरलेले राज्य

हान घराण्याचा संस्थापक लिऊ पांग हा शेतकरी घरातला, एका लहान ठाण्याचा अंमलदार. इ. स. पू. २०२ मध्ये तो सम्राट झाला. त्याला पुस्तकी पंडितांचा तिटकारा होता. लू चिया नावाचा विद्वान त्याच्यापुढे जुन्या ग्रंथांचे दाखले देऊ लागला तेव्हा, हे राज्य मी घोड्यावर बसून मिळविले, मला ग्रंथ कशाला, असे तो तडकला. त्यावर, मिळविले घोड्यावरून, पण चालविता येईल का घोड्यावरून, असा अर्थाचा प्रश्न लू चियाने केला. सम्राट ओशाळला आणि छिन का बुडाले हे लिहून आणण्यास त्याने सांगितले. तलवारीच्या मर्यादा एका शिपाईगड्याने ओळखल्या, हे विशेष.

पुढे वू-ती सम्राटाच्या कारकिर्दीत, इ. स. पू. १२४ मध्ये, राजधानी चांगआन येथे सरकारी महाविद्यापीठ निघाले. सुरुवातीला केवळ ५० विद्यार्थी होते. त्यांना वेठ माफ होती. वर्षअखेर परीक्षा होई आणि उत्तीर्ण झालेल्यांना सरकारी नोकरी मिळे. ही योजना पुढे आणणारा कुंगसुन हुंग तरुणपणी गरिबीमुळे जनावरे राखीत होता. चाळिशी उलटल्यावर तो अभ्यासाला लागला आणि अखेर मुख्यमंत्री झाला. इ. स. च्या दुसऱ्या शतकात या विद्यापीठातील विद्यार्थ्यांची संख्या ३०,००० वर गेली असे हान इतिहास सांगतो. इ. स. १७५ ते १८३ या काळात ग्रंथांचे शुद्ध पाठ दगडी शिळांवर कोरून ते लोयांगच्या विद्यापीठाबाहेर उभे केले गेले. ते उतरवून घेण्यासाठी रोज हजारावर गाड्या येत. चार शतकांपूर्वी ज्या राज्यव्यवस्थेने ग्रंथ जाळले, तीच आता ग्रंथ दगडावर कोरीत होती.

दार किती उघडले?

हे चित्र उजळ आहे, पण पुरे नाही. इ. स. २ मधील शिरगणतीप्रमाणे हान साम्राज्यात पावणेसहा कोटींहून अधिक माणसे होती. त्यांतील बहुसंख्य शेतकरी. समाजाचे चार थर मानीत : विद्वान, शेतकरी, कारागीर आणि व्यापारी. विद्वानांखालोखाल शेतकऱ्याचा मान आणि व्यापारी सर्वांत खाली. हे थर आपल्याकडील जातींसारखे जन्माने घट्ट बांधलेले नव्हते. पण कागदावरचा मान आणि पोटातली भूक यांत अंतर होते. फू शंगकडे शिकलेल्या त्याच छाओ त्सोने सम्राटाला लिहिले की, पाच माणसांच्या शेतकरी कुटुंबातील दोघे तरी वेठीला जातात, दुष्काळात कर भरण्यासाठी कर्ज काढावे लागते आणि ते फेडण्यासाठी जमीन, घर, अखेर मुलेबाळेही विकावी लागतात. कायदा व्यापाऱ्याला हलका मानतो पण तो श्रीमंत आहे आणि शेतकऱ्याला थोर मानतो पण तो भिकेला लागला आहे, हे त्याने स्पष्ट सांगितले. अशा घरातला मुलगा विद्यापीठापर्यंत क्वचितच पोहोचे. कालांतराने मोठ्या जमीनदार घराण्यांनी शिफारशीच्या जोरावर नोकऱ्या आपल्याकडे खेचल्या.

दुसरा दोष अधिक सूक्ष्म होता. विद्या नोकरीची शिडी झाली. ख्वांग हंग या गरीब मुलाची कथा प्रसिद्ध आहे. दिव्याला तेल नव्हते म्हणून त्याने भिंतीला भोक पाडून शेजाऱ्याच्या दिव्याच्या उजेडात अभ्यास केला. पुढे इ. स. पू. ३६ मध्ये तो मुख्यमंत्री झाला. शिक्षक मुलांना एवढेच सांगतात आणि थांबतात. पुढचे असे आहे की, सरहद्दीच्या नोंदीतील चुकीचा फायदा घेऊन त्याने मोठी जमीन आपल्या जहागिरीत घातली आणि त्याबद्दल त्याला पदावरून काढण्यात आले. कन्फ्यूशियसने ज्याला सज्जन म्हटले, तो परीक्षेत आपोआप तयार होत नाही, हे या दुसऱ्या अर्ध्या कथेवरून कळते.

तिसरे बंद दार स्त्रियांचे. इतिहासकार बान कू इ. स. ९२ मध्ये तुरुंगात वारला तेव्हा त्याचा ‘हान इतिहास’ अपुरा होता. तो पुरा करण्याचे काम सम्राटाने त्याची विधवा बहीण बान झाओ हिच्याकडे दिले, कारण तेवढी विद्वत्ता तिच्यापाशी होती. मा रुंग यासारख्या, पुढे नामांकित झालेल्या विद्वानाने तिच्याकडे त्या ग्रंथाचे पाठ घेतले. राणीलाही तिने शिकविले. तिने स्त्रियांसाठी एक लहान पुस्तक लिहिले. त्यात पत्नीने नम्र आणि आज्ञाधारक असावे असा उपदेश आहे, आणि आज तो वाचताना मन खट्टू होते. पण त्याच पुस्तकात ती विचारते की, मुलांना आठव्या वर्षी वाचायला शिकवता आणि पंधराव्या वर्षी विद्येला लावता, मग मुलींना का नाही? तिच्या उपदेशाचे समाजाने शतकानुशतके पाठांतर केले. तिच्या प्रश्नाकडे मात्र दुर्लक्ष केले. इ. स. ६०५ च्या सुमारास सुरू झालेली चीनची प्रसिद्ध राजसेवा परीक्षा १९०५ पर्यंत, म्हणजे तेराशे वर्षे चालली. त्या परीक्षेचे दार स्त्रियांसाठी बंदच होते.

आपल्या हातातला कागद

इ. स. १०५ मध्ये त्साय लुन या दरबारी अधिकाऱ्याने सम्राटाला सुधारलेला कागद सादर केला. झाडाची साल, अंबाडीसारखे तंतू, चिंध्या आणि मासेमारीची जुनी जाळी यांच्या लगद्यापासून तो केला होता. कागद त्याआधीही होता, हे उत्खननांतून सिद्ध झाले आहे, पण त्याच्या रीतीने तो स्वस्त झाला. रेशीम महाग होते आणि बांबू जड होता. आता विद्या गरिबाच्या हातात मावू लागली.

आठव्या शतकात ही कला समरकंदला आणि तेथून बगदादला पोहोचली. तेथील विद्वानांनी वैद्यक, गणित आणि ज्योतिष यांचे ग्रंथ कागदावर उतरविले. फारसीतून आपल्या मराठीत ‘कागद’ हा शब्द आला. दौलताबादजवळचे कागजीपुरा हे गाव हातकागदासाठी प्रसिद्ध झाले आणि कागजी हे आडनाव आपल्या समाजात आजही आहे. चिंध्या कुटून कागद करणाऱ्या त्या कारागिरांचा धागा असा थेट प्राचीन चीनपर्यंत जातो.

इ. स. २२० मध्ये हान घराणेही लयाला गेले. घराणी आली आणि गेली. टिकून राहिली ती लिपी, ग्रंथ, आणि विद्येने माणूस मोठा होतो हा विश्वास. या विश्वासाने चीनला तारले आणि त्याच्या अपुरेपणाने चीनची हानीही केली, कारण अर्ध्या माणसांना त्याने उंबऱ्याबाहेर ठेवले.

विद्यार्थी मित्र-मैत्रिणींनो, येन ह्वेइची गल्ली आणि ख्वांग हंगची भिंत दोन्ही ध्यानात ठेवा. गरिबीतून वर या, पण वर आल्यावर शेजाऱ्याच्या जमिनीवर डोळा ठेवू नका. आणि पालकहो, आपल्याला एकच विचारायचे आहे. खर्चाची तोंडमिळवणी होईना झाली की आपल्या घरात पहिली वही कोणाची बंद होते? मुलाची की मुलीची? उत्तर द्यायला घाई करू नका. आज घरी गेल्यावर मुलगी अभ्यासाला बसली असेल तर दोन मिनिटे तिच्याजवळ बसा आणि ती काय वाचते आहे ते समजून घ्या. फू शंगने तेवढेच केले होते.